नऊ नारळ, एक बॅग आणि बॉयलरचा नंबर

२ मार्च, रविवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. राजनंदिनीचा पुण्याहून फोन आला. या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून पोरीनं परस्पर बुकिंग करून टाकलं. तारकर्ली. समुद्रकिनारा. २० तारखेला संध्याकाळी नांदेडहून स्लीपर ट्रॅव्हल्स, कोल्हापूरला गाडी बदलायची, पुढं मालवण. चार दिवस मुक्काम. म्हणाली, "पप्पा, तिथं काहीच करायचं नाही. नुसतं पडून राहायचं. जमेल ना?"

काय प्रश्न आहे! मी मुळातच शांत माणूस. कुरुंद्यात कोणालाही विचारा.

द्वारकानं समुद्र बघितलेला नाही. मीही नाही, पण मी टीव्हीवर पुष्कळ बघितलाय. लग्न झालं तेव्हा मी तिला समुद्र दाखवतो म्हणालो होतो, असं तिचं म्हणणं आहे. आठवत नाही. पण म्हणालो असेन. मी शब्दाचा पक्का.

संकल्प: एकच बॅग. हलकी. घाई नाही, टेन्शन नाही.

३ मार्च, सोमवार

यादी केली. सकाळी अकरा वस्तू होत्या, संध्याकाळी चौसष्ट झाल्या. याला प्लॅनिंग म्हणतात.

द्वारकाची पॅकिंग झाली म्हणे. एक पिशवी. तीन साड्या, टॉवेल, कंगवा. खुंटीला लावून ठेवली. मी म्हणालो, अगं सतरा दिवस आहेत अजून, शांतपणे विचार कर. म्हणाली, "झालाय माझा विचार. समुद्र बघायचाय. त्याला काय काय लागते?"

बाईमाणसाला प्रवासाचा अनुभव नसतो.

रात्रीसाठी टॉर्च यादीत टाकला. मग टॉर्चसाठी सेल. मग टॉर्च बिघडला तर दुसरा टॉर्च.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.३०

पडून राहण्याचा सराव सुरू. एकदम चार दिवस पडून राहणं अंगावर येऊ शकतं, आधीपासून सवय पाहिजे. लिंबाखाली बाज टाकली. रोज अर्धा तास ठरवला आहे.

५.०० ला पडलो. ५.०३ ला मोटर बंद झाल्यासारखी वाटली, उठून बघितली. चालू होती. ५.०६ ला पुन्हा पडलो. ५.१० ला गाय ओरडली. ५.१३ ला लक्षात आलं, बाज उतरती आहे, एका पायाखाली वीट लागेल. वीट शोधली. वीट शोधताना गोठ्याच्या भिंतीला भेग दिसली.

सलग पडून: सर्वात जास्त चार मिनिटं. पहिल्या दिवसाला चांगलं आहे.

७ मार्च, शुक्रवार

घोटाळा. हळद शिजवायच्या बॉयलरच्या चिठ्ठ्या आज पारावर निघाल्या. बॉयलर तांड्यावरच्या धनसिंगचा. गावात एकच, आणि हळद तर सगळ्यांची काढून पडलेली. म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात, आणि धनसिंग खडूनं नावं बॉयलरच्या ड्रमवरच लिहून टाकतो. नंबर चुकला की गेला. मग बॉयलर दुसऱ्या गावाला, आणि आपला ढीग सडायला मोकळा.

माझी चिठ्ठी: २१ मार्च. बरोबर निघायच्या दुसऱ्या दिवशी. माणिकरावला २८ मिळाली. त्याला ना मुंबई ना गोवा, जन्मभर गावातच बसणार, आणि तारीख त्याला २८!

धनसिंगला म्हणालो, जरा सरकव. तो म्हणाला, "मी सरकवत न्हाई, मालक. तुमचं तुमी आपसात बदला. दोनदा चालंल. तिसऱ्यांदा न्हाई. मागल्या वर्षी पुसून पुसून ड्रमचा रंग गेला."

घरी येऊन द्वारकाला सांगितलं. म्हणाली, "बघते मी." ती काय बघणार! हे व्यवहार पुरुषांचे आहेत. मी विचार चालू केला आहे. शांतपणे.

रात्रभर झोप नाही.

८ मार्च, शनिवार

मालवणच्या मुक्कामाच्या बाईंना फोन केला. भरती कधी, ओहोटी कधी, खोलीपासून पाणी किती पावलांवर, दूध म्हशीचं की गाईचं, काठी मिळेल का. चांगल्या बोलल्या. दुपारी पुन्हा केला, पंख्याचं विचारायचं राहिलं होतं. संध्याकाळी परत. आता उचलत नाहीत. कोकणात नेटवर्क फार खराब.

द्वारका माणिकरावच्या घरून आली. खुशीत होती. म्हणाली, "ऐका, मी शकुंतलाआक्काला घेऊन गेले होते, त्यांच्याशी बोलून आले, आता तुमी..." मी हातानं थांब म्हणालो. सनस्क्रीन कोणत्या नंबरचं घ्यायचं ते मी मोबाईलवर बघत होतो, आणि तिथं पंधरापासून पन्नासपर्यंत नंबर आहेत. ती चुलीकडं गेली. काय बोलून आली ते उद्या विचारीन.

(शकुंतलाआक्का माझी मोठी बहीण. शेजारीच राहते. मला अजून बाला म्हणते. तिचं कोणाकडंही कायम काहीतरी बोलणं चालूच असतं.)

९ मार्च, रविवार

गावात बातमी पसरली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पारावर फक्त एकदा, दूध डेअरीवर एकदा आणि सलूनमध्ये थोडं सविस्तर.

मिराबाई नारळ घेऊन आली. म्हणाली, "दादा, समुद्राला जाऊन राहिले, माझ्या नावानं येवढा वहा. पोरीचं लग्न जुळंना." नाही कसं म्हणणार? घेतला. दुपारपर्यंत पाच नारळ झाले. पोस्टमननंही दिला.

१० मार्च, सोमवार

नऊ नारळ. राजनंदिनीला फोनवर सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "पप्पा, तुम्ही हिंगोलीहून कोकणात नारळ नेताय?" मी म्हणालो, इथं प्रश्न नारळाचा नाही, विश्वासाचा आहे. लोक कोणावरही नारळ सोपवत नाहीत.

कोणाचा कोणता ते कळावं म्हणून शेंड्यांना चिठ्ठ्या बांधल्या. एका बॅगेत बसत नाहीत. संकल्पात थोडी दुरुस्ती: एक बॅग, एक पोतं.

११ मार्च, मंगळवार

वसमतला जाऊन खरेदी केली. गॉगल. गोल टोपी. हाफ पँट, तिच्यावर झाडांची चित्रं. पांढरा शर्ट, पातळ. दुकानदार म्हणाला, "साहब, एकदम गोवा."

घरी घालून बघितलं. शकुंतलाआक्का आत आली, बघितलं, बाहेर गेली. बाहेर हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. द्वारका मात्र हसली नाही. म्हणाली, "बरे दिसून राहिले." मग म्हणाली, "येणार ना तुमी?" मी म्हणालो, म्हणजे काय! गॉगल कशाला घेतलाय?

सराव: सहा मिनिटं. नंतर टोपी उडाली.

१३ मार्च, गुरुवार

तारकर्लीतल्या आरामाचं वेळापत्रक केलं.

५.०० उठणे. ५.३० सूर्योदयाची वाट बघणे. ६.०० ते ६.२० लाटा बघणे (बसून). ६.२० ते ६.४० लाटा बघणे (उभे राहून). ७.०० नाश्ता. ७.३० ते १०.०० नुसतं पडून राहणे, दर वीस मिनिटांनी कूस बदलणे. असं रात्री नऊपर्यंत. द्वारकाला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, यात मी कुठं हाय? मी म्हणालो, तू सगळीकडं आहेस. शेजारी.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. रंगाची भीती म्हणून बॅग कोठीत, हळदीच्या बियाण्याच्या पोत्यांवर ठेवली. रंगापासून वाचली.

१५ मार्च, शनिवार

पांढरा शर्ट पिवळा झाला. टॉवेलही. टोपीही एका बाजूनं. द्वारका म्हणाली, कोठीत काहून ठेवली, तिथं काय असते ते ठावं न्हाई का? मी म्हणालो, पिवळा समुद्रकिनारी उठून दिसतो.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२

आज मी जे केलं ते केवळ मीच करू शकतो. नऊ दिवस शांतपणे विचार करून मार्ग काढला. सरळ माणिकरावच्या घरी गेलो. म्हणालो, "माणिकराव, आपला नंबर बदलून घेऊ. तुझा मला, माझा तुला."

तो म्हणाला, "पुन्यांदा?"

माणिकराव मुळातच सावकाश माणूस. मी म्हणालो, हो, आणि आजच. तो म्हणाला, "पण वहिनी तर..." मी म्हणालो, वहिनीला सांगायचं नाही, सरप्राइज आहे. तो म्हणाला, "बराबर." तो सगळ्यालाच बराबर म्हणतो. त्याच्यासमोर धनसिंगला फोन लावला, अदलाबदल सांगितली. धनसिंगनंही विचारलं, "पक्कं ना मालक? आता यानंतर न्हाई हं." मी म्हणालो, दगडावरची रेघ.

मिटलं! आता २८ आपली. २० ला निघायचं, २६ ला परत, दोन दिवस हातात, मग शिजवणी. ही बातमी द्वारकाला गाडीत बसल्यावर सांगणार. खिडकीतून बाहेर बघत, सहज.

सराव: सात मिनिटं! विक्रम.

१७ मार्च, सोमवार

बॅगेची चेन गेली. सामान बाहेर काढून पुन्हा भरलं. दोन बॅगा, एक पोतं. छत्री टाकली. मग काढली. मग टाकली. मच्छरदाणी. सुतळी. छोटी पकड. भीमसेनी कापूर. पकड कशाला, असं द्वारकानं विचारलं. गरज पडल्यावर कळेल.

दुपारी तिनं पिशवी खुंटीवरून काढली, तीन साड्यांतली एक बदलली, परत लावली. अर्धं मिनिट. मी बघत होतो. उगाच राग आला.

१८ मार्च, मंगळवार

बॅगा रिकाम्या केल्या. भरल्या. ड्रमवर खडूनं काय लिहिलंय ते एकदा जाऊन बघावं असं मनात आलं. गेलो नाही. असल्या गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या असतात.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ११

धनसिंगचा फोन. म्हणाला, "मालक, परवा पहाटे चारला बॉयलर आणतो. सरपण जवळ घेऊन ठेवा."

मी म्हणालो, माणिकरावला फोन कर, परवा त्याची आहे.

तो म्हणाला, "त्याची होती. वहिनींनी आठ तारखेलाच बदलून घेतली, २८ तुमच्या नावावर केली. मग सोळाला तुमी फोन करून पुन्यांदा बदलली. म्हंजी २१ परत तुमची. मी विचारलं होतं ना मालक, पक्कं का म्हणून?"

तिसऱ्यांदा बदल होत नाही. हात जोडले, नाही. माणिकराव म्हणाला, "मला वाटलं तुमचा बेत फिसकटला. सरपण मी कालच दुसऱ्याला देऊन टाकलं. आता २८ शिवाय माझ्यानं व्हत न्हाई."

दुपारी १

द्वारकाला सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी सांगत होते त्या दिवशी. तुमी हात दाखवला." एवढंच.

दुपारी ३

हरीश आला. माझा भाचा, शकुंतलाआक्काचा मुलगा. दोन लेकरांचा बाप, स्वतःची पाच एकर हळद करतो. म्हणाला, "मामा, तुमी बिनधास्त जा. शिजवून, पसरून ठेवतो. ताडपत्री झाकतो. काही तकलीफ न्हाई."

द्वारका माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, हरीश, काडी घालून बघायची असते, शिजली का नाही ते. तो म्हणाला, ठावं हाय. मी म्हणालो, काडी आरपार गेली पाहिजे, पण सहज नाही, आणि अडूनही नाही. तो म्हणाला, "मामा, तुमच्या हळदीला मागची सहा वर्षं काडी मीच घालून राहिलो."

हे खरं आहे. पण मी शेजारी उभा असतो.

शेवटी शांतपणे निर्णय घेतला. द्वारकानं उद्या पुढं जावं. माझ्या जागी शकुंतलाआक्का. मी २१ ला शिजवणी आटोपून २२ ला निघतो, २३ ला सकाळी समुद्रावर हजर. म्हणजे दोन दिवसांचा फरक. द्वारका म्हणाली, "हरीश म्हणून राहिला ना, बघतो म्हणून." मी म्हणालो, दोनच दिवस. म्हणाली, "बरं."

शकुंतलाआक्का पंधरा मिनिटांत तयार झाली. एक पिशवी. या दोघींना काही कळत नाही.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

वसमतच्या स्टँडवर नांदेडच्या एसटीत बसवून आलो. नारळांचं पोतं बरोबर दिलं तर शकुंतलाआक्कानं त्यातला एक काढून घेतला आणि पोतं माझ्या पायावर ठेवलं. म्हणाली, "एक वाहते, नऊ नावं घेते. देवाला मोजता येते."

गाडी हलली. द्वारका खिडकीतून म्हणाली, "या बरं का." मी म्हणालो, परवा निघतोच. आणि पाण्यात जाऊ नको, टॉर्च... गाडी गेली. टॉर्च माझ्याकडंच राहिला.

घरी आलो. खुंटी रिकामी.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी २

पहाटे चारला बॉयलर आला. पूजेला नारळ लागला. घरात आठ होते. पोस्टमनचा फोडला.

हरीश आणि धनसिंगनं ड्रम भरले, वाफ धरली. मी काडी घेऊन गेलो. हरीश म्हणाला, "मामा, जरा बाजूला, वाफ लागंल." दुसऱ्या ड्रमकडं गेलो. धनसिंग म्हणाला, "मालक, तुमी सावलीत बसा." सकाळपासून अकरा वेळा मला सावलीत बसवलं. हळद चांगली शिजली. काडी हरीशनंच घातली. मी शेजारी उभाही राहू शकलो नाही, धूर फार होता.

संध्याकाळी ६

पसरून झाली. काही काम नाही. हरीश म्हणाला, आता वाळू द्या, तुमी उद्या निघा. निघणारच आहे. बॅगा दारात आणून ठेवल्या.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ७

आकाशात साखरा गावाच्या बाजूला ढग आहे. एक. लहान. पण ढगाचं सांगता येत नाही. पाऊस पडला तर पसरलेली हळद गेली. आज थांबतो. उद्या निघतो.

दुपारी १

ढग गेला. आजचं जाणंही.

मिराबाई खळ्यावर आली. "दादा, जाऊन आले का? माझा नारळ?" मी हाफ पँटवर होतो, पोटऱ्यांना ऊन लागावं म्हणून. गॉगलही होता. टोपीही. समोर तीन ताडपत्र्यांवर हळद. तिनं वरून खालपर्यंत बघितलं. पोत्यातला नारळ चिठ्ठी वाचून तिचा तिला परत दिला. शकुंतलाआक्कानं नाव घेतलंय, असं सांगितलं. ती नारळ पदराखाली घेऊन गेली.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.१५

आज निघून उपयोग नाही. पोचेपर्यंत त्यांची परतीची वेळ. हा सरळ हिशेब आहे, यात कोणाचा दोष नाही.

५ वाजता द्वारकाचा व्हिडिओ कॉल आला. आधी तिचं कपाळ दिसलं, मग आकाश, मग समुद्र. मी म्हणालो, फोन आडवा धर. पाण्यापासून लांब उभी राहा. चपला कुठं आहेत? सनस्क्रीन लावलं का? ती म्हणाली, "जरा बोलू नका ना. नुसतं बघा." फोन तिनं समुद्राकडं धरला.

मी बघितलं. मोठा आहे. टीव्हीवर एवढा आवाज येत नाही.

मग तिला विचारलं, निघताना कोठीच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठं ठेवली? तिनं सांगितली आणि फोन ठेवला.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ३.१०

शकुंतलाआक्काला फोन केला. द्वारकाला दे म्हणालो. हळू आवाजात बोलली, "झोपलीय. वाळूवरच, सुरूच्या झाडाखाली. जेवण करून जी पडली ती दोन तास झाले. उठवू नको." मग म्हणाली, "बाला, तुझ्या घरात आल्यापासून तिला दिवसा झोपलेली मी आज पहिल्यांदा बघून राहिले."

असं कसं होईल? दुपारी सगळेच पडतात. आठवून बघितलं. एक दुपार आठवली, ती पडली होती आणि मी सुतळी कुठं आहे विचारलं. दुसरी आठवली, त्यात पकड. तिसरी आठवायला गेलो नाही.

दुपारी ४

राजनंदिनीचा मेसेज. "पप्पा, आईनं स्वतः मुक्कामाच्या काकूंशी बोलून मुक्काम दोन दिवस वाढवला. २८ ला येतील. ठीक आहे ना?"

२८.

बाजेवर बसून उत्तर लिहायला घेतलं. "काहून" लिहिलं, खोडलं. "गायीचं कोण बघणार" लिहिलं, खोडलं. "मी आज निघू का" लिहिलं. ते बराच वेळ तसंच ठेवलं. मग वाटलं, मी गेलो तर तिची झोप मोडेल. खोडलं. "बरं" लिहिलं आणि पाठवलं.

घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं झाली होती. एवढा वेळ मी एका जागी होतो. मोटर बंद पडली होती, ते मला कळलं नव्हतं.